न संपणारी रांग

गार्गी आत्यानं काही जड उचललं नव्हतं, ती कुठे पडली नव्हती, दिवसभर चांगल्या गादीच्या खुर्चीत बसून असायची, आणि तरी तिची पाठ धरली. पेणच्या समेळांच्या कारखान्यात हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं.

कारखाना म्हटल्यावर धुराडं डोळ्यांपुढे आणू नका. गणपतीच्या मूर्ती जिथे घडतात त्या जागेला पेणमध्ये कारखानाच म्हणतात. ही गोष्ट घडली तेव्हा काळ बराच पुढे सरकला होता. शाडूची माती यंत्र मळायचं, साच्यातून मूर्ती यंत्र काढायचं, अंगाचा रंगसुद्धा यंत्राचा हात फवारायचा. माणसाच्या हाती एकच काम उरलं होतं, आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखण्याचं काम. समेळांकडे ते गार्गी आत्या करायची आणि तिच्यासारखे डोळे तालुक्यात कुणाला जमत नाहीत, असं तिचं कौतुक नसणारे लोकही कबूल करायचे.

समेळांची एक जुनी रीत होती. आखणीला बसलं की समोरची रांग संपेपर्यंत उठायचं नाही. एकदा हात बसला की साऱ्या रांगेचे डोळे सारखे उतरतात, मध्ये उठलं की हात बिघडतो, असं आत्याचे पणजोबा सांगायचे. आत्या ही रीत डोळ्यांत तेल घालून पाळायची. कुणी हाक मारली तरी मान वर करायची नाही.

तिच्या हाताशी होता हरकाम्या. हा कमरेएवढ्या उंचीचा, तीन चाकांचा आणि दोन लांब हातांचा यंत्रमानव. त्याला शिकवलं होतं आत्याच्या भाचीनं, जुईलीनं. सहावीतली ही मुलगी म्हणजे कारखान्याच्या मालकाची, सोहमची लेक, आणि आत्याची सावली. मूर्तींच्या फळ्या उचलून आत्या दमते, हे तिला बघवत नसे. म्हणून तिनं हरकाम्याला एकच गोष्ट पक्की शिकवली: आत्याला जागेवरून उठावं लागू नये. रंग, पाणी, चहा, मूर्ती, सगळं तिच्या हातात आणून द्यायचं. ‘आत्याची चार हजार पावलं वाचवणारा हरकाम्या’ या नावानं तिनं तो विज्ञान प्रदर्शनात मांडला आणि पहिला नंबर पटकावला. नंतर महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

आणि मग तो शनिवार उजाडला.

आत्या कुंचला घ्यायला उजवीकडे वळली आणि तिथेच थांबली. ना पुढे, ना मागे. दोन खवाट्यांच्या (खांद्यांमागच्या चपट्या हाडांच्या) मधोमध कुणी खिळा ठोकावा तशी उसण भरली होती.

“मोठा श्वास घेतला तरी टोचतंय गं,” ती जुईलीला हळूच म्हणाली.

श्वासाचं नाव निघालं म्हणून तिला आधी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हृदय पाहिलं, फुप्फुसं पाहिली, पाठीच्या हाडांचं चित्र काढलं. सगळं ठीक. मोडलेलं काही नाही, सुजलेलं काही नाही. मग घरचे उपाय झाले. तेल लावलं, ओव्याचा शेक दिला आणि दोन दिवस तिला अंथरुणावरून हलू दिलं नाही. जुईली उशाशी पहारा देत होती. सोमवारी सकाळी आत्या उठायला गेली तर पाठ आदल्या दिवसापेक्षा जास्त आखडलेली.

कारखान्यात तीनशे चाळीस गणपती डोळ्यांवाचून बसले होते. पुढच्या गुरुवारी, म्हणजे अकराव्या दिवशी, त्यांना न्यायला ट्रक येणार होता. सोहमच्या जिवाची घालमेल होत होती, पण तो तसा हिशोबी माणूस.

“ताई, या गुरुवारपर्यंत वाट बघतो,” तो म्हणाला. “तोवर तुला बसता आलं नाही तर हरकाम्याला आखणीला बसवतो. त्यानं वर्षभर तुझा हात बघितलाय. त्याला येतं सगळं.”

तो गेल्यावर आत्या भिंतीकडे बघत म्हणाली, “आणि एकदा त्याला आलं, की पुढच्या वर्षी मला कोण कशाला बसवेल?”

आखणीवाचून आत्या म्हणजे काय, हे जुईलीला कल्पनेतसुद्धा आणता येईना. तिला सरळ भीती वाटली. ती चपला घालून निघाली ती थेट शेजारच्या दिघे आजोबांकडे.

दिघे आजोबांनी तीस वर्षं अंतराळवीरांच्या पाठी तपासल्या होत्या. आता निवृत्त होऊन ते पेणला अळू लावत होते. बोलणं कोरडं, पण प्रश्न विचारला की हातातलं काम टाकून उत्तर द्यायचे. जुईलीनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “आजोबा, ती काही उचलतच नाही. मग दुखायचं कारण काय?”

“अंतराळात तर कशालाच वजन नसतं,” आजोबा म्हणाले. “तिथे कुणी काही उचलत नाही. तरी वर गेलेल्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांची पाठ पहिल्या काही दिवसांतच दुखायला लागते. तेव्हा ओझं नाही म्हणजे दुखणं नाही, हे तू आधी डोक्यातून काढ. चल, बघू तुझ्या आत्याची पाठ.”

येताना त्यांनी एक पाठपट्टी बरोबर घेतली. पाठपट्टी म्हणजे कागदासारखी पातळ पट्टी. ती मणक्यांवरून चिकटवली की कुठला मणका किती हलतो ते पडद्यावर दिसतं. हरकाम्यानं आपल्या छातीवरचा पडदा पुढे केला. त्यावर आत्याच्या पाठीचा कणा उमटला, हलणारा भाग हिरवा आणि थांबलेला भाग करडा.

“मोज,” आजोबा जुईलीला म्हणाले.

“मानेत सात, कमरेत पाच. आणि मधे…” जुईली बोट फिरवत मोजू लागली, “बारा.”

“या बारांचं नशीब वेगळं. प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी एकेक बरगडी जोडलेली आहे. बरगड्या पुढे जाऊन छातीचा पिंजरा करतात, आत हृदय आणि फुप्फुसं सुखात राहतात. पण पिंजऱ्याला बांधलेला मणका कमरेसारखा मोकळा वाकत नाही. त्याला त्यातल्या त्यात चांगलं काय जमत असेल?”

जुईलीनं स्वतःच उभं राहून पाहिलं. वाकली, मागे झाली, मग कंबर न हलवता खांदे डावीकडे वळवले. “वळणं?”

“वळणं. मागचं फडताळ बघायला आपण वळतो ते बरंचसं या बारांच्या जिवावर. आणि त्यांची दुसरी हालचाल म्हणजे श्वास. श्वास घेतला की बरगड्या बिजागरीसारख्या वर उचलल्या जातात. दिवसाला वीस हजार वेळा.”

आत्या अंथरुणावर बसून ऐकत होती. “पण न हलल्यानं दुखावं कशाला, काका? मी तर म्हणते विश्रांती मिळते की त्यांना.”

आजोबांनी स्वयंपाकघरातला भांडी घासायचा स्पंज मागवला, तो पाण्यात बुडवून मुठीत दाबला. पाणी गळलं. मूठ सैल केली, पुन्हा पाण्यात धरली, स्पंज फुगला.

“दोन मणक्यांच्या मधे चकती असते, मऊ उशीसारखी. मोठ्या माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. मग तिला जेवण कसं मिळणार? असंच. दाब पडला की पाणी बाहेर, दाब गेला की ताजं पाणी आत, आणि त्याबरोबर अन्न. हललीस तर ती जेवते. सांध्यांचंही तेच. सांधा हलला की त्यातलं वंगण (हाडं घासू नयेत म्हणून असलेला चिकट द्रव) सगळीकडे फिरतं. आणि स्नायू तासन्‌तास एकाच स्थितीत ताणून धरला तर त्यातून रक्त नीट वाहत नाही, तो थकतो आणि आखडतो. मग एक दिवस तू कुंचला घ्यायला वळतेस आणि तो ओरडतो.”

“म्हणजे काही तुटलं नाही?” आत्यानं विचारलं.

“दवाखान्यात पाहिलंय, तुटलं नाही. दुखणं म्हणजे दर वेळी मोडणं नव्हे. कधी कधी शरीर नुसती घंटा वाजवतं, की बाई, हल आता. म्हणून दोन दिवस झोपून तुझी पाठ सुधारली नाही, आणखी आखडली.” मग ते जुईलीकडे वळले. “पण हे सगळ्यांना लागू नाही, बरं का. कुणी पडलं असेल, ताप असेल, पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, छातीत दुखत असेल, रात्री झोपेतूनही दुखण्यानं जाग येत असेल, तर आधी डॉक्टर. तुम्ही गेलात ते शहाणपणाचं केलंत.”

“पण आत्या आखणी गेली वीस वर्षं करतेय,” जुईली म्हणाली. “बसूनच करते. मग याच वर्षी का?”

आजोबांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. हरकाम्या, नोंदी ठेवतोस का रे?”

“सगळ्या ठेवतो,” हरकाम्या म्हणाला. “मागच्या वर्षी मी नुसता बघायला शिकत होतो. त्या नोंदीही आहेत.”

पडद्यावर दोन पट्टे आले, मागच्या वर्षाच्या एका दिवसाचा आणि यंदाच्या एका दिवसाचा. आत्या उठली की एक उभी रेघ, एवढाच त्यांचा अर्थ होता. मागच्या वर्षीच्या पट्ट्यावर थोड्या थोड्या अंतरानं रेघा होत्या. यंदाच्या पट्ट्यावर सकाळी नऊला एक रेघ, जेवायला एक आणि संध्याकाळी एक. मधे सगळं कोरं.

जुईलीनं दोन्ही पट्ट्यांवरून बोट फिरवलं. “आत्या, मागच्या वर्षी तू अशी मधून मधून का उठायचीस? रांग संपेपर्यंत उठायचं नाही ना?”

“अगं, रांग संपली की उठायचे. एका फळीवर मूर्ती मावतात दहा. दहा झाल्या की फळी उचलून आत ठेवायची, मागच्या खोलीतून नवी आणायची. वाटेत पाणी प्यायचं, तुझ्या बाबाशी दोन शब्द भांडायचं, आणि बसायचं.”

“आणि आता?”

उत्तर हरकाम्यानं दिलं, अगदी अभिमानानं. “आता मी एक मूर्ती झाली की ती उचलतो आणि दुसऱ्या टोकाला नवी ठेवतो. रांगेत नेहमी दहा मूर्ती असतात. रांग कधीच संपत नाही.”

जुईलीचा चेहरा खर्रकन उतरला. रांग संपेपर्यंत उठायचं नाही ही रीत पणजोबांची, आणि रांग संपूच द्यायची नाही ही शिकवण तिची. दोन्ही आपापल्या जागी बरोबर होत्या. एकत्र आल्यावर आत्या रोज सकाळी नऊपासून खिळून बसत होती आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. स्वतः आत्याच्यासुद्धा.

“मीच केलं हे,” जुईली म्हणाली. तिला रडू येत होतं आणि तिनं ते लपवलं नाही. “मला बक्षीस मिळालं त्याचं.”

आत्यानं तिला जवळ ओढायला हात पसरले, पाठीत कळ आली म्हणून अर्ध्यावर थांबवले. “तू मायेनंच केलंस गं राणी. मलाही गोड लागलं, खोटं कशाला बोलू. चहासुद्धा हातात यायचा. पण माझी पावलं वाचवताना तू मला एकदा विचारायला हवं होतंस, आणि मीही माझ्या पाठीला विचारायला हवं होतं.”

“आता पाठीला विचारूच,” आजोबा म्हणाले. “गार्गी, बसल्या बसल्या एक डोळा रेखून दाखव. कोऱ्या कागदावर चालेल.”

आत्यानं कुंचला धरला. वरच्या पापणीची रेघ सुरू झाली आणि पडद्यावरचे बाराच्या बारा मणके करडे पडले. रेघ संपली तेव्हा ते पुन्हा जरासे हिरवे झाले.

“श्वास रोखतेस,” जुईली म्हणाली.

“रोखावाच लागतो. नाहीतर रेघ थरथरते.”

“रोख की,” आजोबा म्हणाले. “तो तुझ्या कामाचा भाग आहे. पण रेघ संपल्यावर त्याची भरपाई कर. एका मूर्तीचे डोळे झाले की तीन मोठे श्वास, बरगड्या बाजूला उघडतील असे. आणि एक रांग झाली की उठायचं, पणजोबा खूश होतील.”

आजोबांनी तिला तीन हालचाली दाखवल्या. खुर्चीत बसून हात छातीवर घ्यायचे आणि खांदे हळूहळू डावीकडे, मग उजवीकडे वळवायचे. ओट्यावर हात टेकून मांजर पाठीची कमान करतं तशी पाठ गोल करायची आणि पुन्हा खाली सोडायची. खुर्चीच्या पाठीवर खवाटे टेकवून हलकेच मागे झुकायचं. “ओढाताण नको, झटका नको. थोडं ताणलं जाईल तिथे थांबायचं. जोरात कळ आली तर थांबून मला हाक मारायची. आणि एका दिवसात बरं व्हायची अपेक्षा ठेवू नकोस. वर्षभर आखडलेली पाठ आहे, तिला दोन-तीन आठवडे दे.”

“माझ्याकडे गुरुवारपर्यंतच वेळ आहे,” आत्या म्हणाली.

“मग आजच उभी राहा.”

मंगळवारी आत्यानं एक रांग केली. दहा मूर्ती. उठताना तिनं दात आवळले, पण ती उठली आणि मागच्या खोलीपर्यंत चालत गेली. फळी हरकाम्यानंच उचलली, कारण दुखऱ्या पाठीनं दहा मूर्तींची फळी उचलण्यात काही शहाणपणा नाही. हरकाम्याला जुईलीनं नव्यानं शिकवायला घेतलं होतं आणि त्याची पार तारांबळ उडाली होती.

“रांग संपली. मी नवी मूर्ती ठेवू का?” त्यानं विचारलं.

“नको. ती परत येऊन बसेपर्यंत थांब.”

“पण तिची पावलं वाढतील.”

“वाढू देत. आणि तिला पाणी नेऊन देऊ नकोस, माठ खोलीच्या त्या टोकाला ठेव.”

“हे मदतीच्या विरुद्ध आहे,” हरकाम्या म्हणाला आणि माठ घेऊन गेला.

बुधवारी दोन रांगा झाल्या, गुरुवारी तीन. गुरुवारी संध्याकाळी सोहम दारात येऊन उभा राहिला. त्यानं तीस मूर्ती एकेक करून पाहिल्या. मग हळूच म्हणाला, “ताई, दुखायच्या आधी तू यंदा दिवसाला नव्वद करत होतीस.”

“आणि त्यातल्या दुपारनंतरच्या किती पुसून पुन्हा काढत होते, ते हरकाम्याला विचार.”

“सरासरी बावीस,” हरकाम्यानं सांगितलं.

सोहमनं डोकं खाजवलं. आज एकही मूर्ती पुसावी लागली नव्हती. “दिवसाला चाळीस होतील?”

“उद्यापासून होतील.”

“मग आठवड्यात जेमतेम बसतं. एकही दिवस चुकला तर मात्र…”

त्या आठवड्यात जुईली शाळेतून आली की पाठपट्टीचा पडदा बघायची. बारातले करडे मणके रोज थोडे थोडे हिरवे होत होते. रविवारी मात्र दुखणं वाढलं आणि आत्याचा धीर सुटला. दिघे आजोबा येऊन म्हणाले, असं वर-खाली होतंच, आज नुसतं चालायचं आणि श्वास घ्यायचे, रांगा लहान करायच्या. त्या दिवशी वीसच झाल्या. वीस मूर्ती मागे पडल्या आणि सोहमनं त्या दिवशी नीट जेवण केलं नाही.

आजोबांनी एकदा पडद्यावर बोट ठेवून जुईलीला म्हटलं, “ही पट्टी अजून माणसाला चिकटवावी लागते. तू मोठी होशील तेव्हा ती सदऱ्यात विणलेली असेल. दुखायच्या आधीच सांगेल, की बाबा, तुझे मधले बारा झोपलेत. पण तिला काय शिकवायचं ते ठरवायला कुणीतरी लागेल. तू शिकवताना एकदा चुकली आहेस, म्हणून तू चांगली शिकवशील.” जुईलीला हे कौतुक बक्षिसापेक्षा जास्त आवडलं.

ट्रकचा गुरुवार आला. संध्याकाळचा ट्रक दुपारी तीनलाच दारात येऊन उभा राहिला, कारण चालकाला घाट उजेडात पार करायचा होता. आत तीनशे वीस गणपतींचे डोळे रेखून झाले होते. वीस अजून डोळ्यांवाचून होते. त्या दिवसाच्या चौथ्या रांगेतली दहावी मूर्ती संपवून आत्यानं नुकताच कुंचला खाली ठेवला होता.

चालक घड्याळ बघत होता. सोहम घाम पुसत आत आला. “ताई, तू खूप केलंस. वीसच तर उरल्यात. एवढ्या हरकाम्याला काढू दे. पंधरा मिनिटांत होतील, कुणाला कळणारही नाही.”

हरकाम्यानं लांब हात पुढे केला आणि कुंचल्याशी आणून थांबवला. “गार्गीताई, मी काढू का?” त्यानं विचारलं. विचारायचं त्याला जुईलीनं शिकवलं होतं. जुईलीनं श्वास रोखून आत्याकडे पाहिलं.

आत्यानं मोठा श्वास घेतला. एक, दोन, तीन. खांदे डावीकडे वळवले, उजवीकडे वळवले, कुठेही अडले नाहीत.

“नको,” ती म्हणाली. “सोहम, त्या चालकाला चहा दे आणि दोन तास बसव. वीस म्हणजे दोनच रांगा.”

मग ती गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली आणि पुढची फळी बघायला मागच्या खोलीकडे चालू लागली.